गाडीत फक्त बघा, सौदा घरी बसून करा

पत्र : ताई, मी कळव्याच्या खारेगावात राहतो, वय २९. महापे एमआयडीसीत नोकरी आहे. रोज कळव्याहून ठाणे आणि तिथून ट्रान्स हार्बरने कोपरखैरणे. दिवाळीचा बोनस आणि थोडी शिल्लक मिळून ८० हजार रुपये क्रिप्टोत घातलेत. सगळं मोबाइल ॲपवर, आणि खरं सांगायचं तर बहुतेक गाडीतच. गेल्या महिन्यात एक छोटं कॉइन विकताना गर्दीत घाईघाईने लिमिटऐवजी (ठरवलेल्या भावाखाली न विकणारी ऑर्डर) मार्केट (मिळेल त्या भावाला विकणारी) दाबलं गेलं. भाव फार खाली मिळाला, एका झटक्यात नऊ हजार गेले. ऑफिसातला मित्र म्हणतो, मोबाइलवरचं ट्रेडिंग म्हणजे पोरखेळ, खरा ट्रेडर डेस्कटॉपवर बसतो. त्याने टेलिग्रामच्या एका ग्रुपवरून ‘प्रो टर्मिनल’ नावाची फाइल पाठवली आहे, तीच टाक म्हणतो. ४५ हजारांचा लॅपटॉप हप्त्यावर घेऊ का? की तोवर ऑफिसचा लॅपटॉप चालेल? जुना फोन एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊन टाकला तर दोन-तीन हजार सुटतील. बायकोला यातलं अजून काही सांगितलेलं नाही.
– एक वाचक, खारेगाव

तुमच्या पत्रात पाच-सहा प्रश्न आहेत, पण एकाची घाई आहे. ती फाइल उघडू नका. अजून उघडली नसेल तर लगेच काढून टाका, आणि मित्रालाही तेच सांगा. त्याने वाईट हेतूने दिली असं मी म्हणत नाही. त्यालाही ती कुणीतरी दिलेलीच आहे, आणि या फायली अशाच ओळखीच्या हातांतून पुढे सरकतात.

कारण नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी मला विचारावं लागणार नाही. मोबाइलमध्ये प्रत्येक ॲप आपापल्या कप्प्यात बंद असतं. एका ॲपला दुसऱ्याचा डेटा सहसा वाचता येत नाही. विंडोजच्या कॉम्प्युटरवर तसं नाही. तिथे तुम्ही चालवलेला प्रोग्रॅम तुमच्याच अधिकाराने चालतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि तुम्ही लॉगिन असल्याची खूण ठेवणाऱ्या कुकीज तो उचलू शकतो. चोराच्या हाती ती कुकी लागली की त्याला बऱ्याचदा पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही नाही, तो थेट तुम्ही म्हणून आत जातो. दुसरा प्रकार आणखी साधा आहे. तुम्ही पैसे पाठवायला वॉलेटचा, म्हणजे क्रिप्टोच्या पाकिटाचा, पत्ता कॉपी करता आणि पेस्ट करताना तिथे चोराचा पत्ता येतो. पत्ता एवढा लांब असतो की माणूस तो पुन्हा वाचत नाही. ‘मोबाइल कच्चा, डेस्कटॉप पक्का’ असं तुमच्या मित्राला वाटतं. सुरक्षेपुरतं बोलायचं तर घरातला साधा विंडोज लॅपटॉप फोनपेक्षा अधिक उघडा असतो.

नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या बाबतीतही हे घडलेलं आहे. इलेक्ट्रम हे बिटकॉइनचं जुनं आणि विश्वासू डेस्कटॉप वॉलेट. २०१८च्या डिसेंबरात त्याच्या वापरकर्त्यांना वॉलेटच्या आतच संदेश दिसू लागला, की नवी आवृत्ती आली आहे, इथून उतरवून घ्या. ती आवृत्ती बनावट होती. ज्यांनी घेतली त्यांचे पैसे गेले. अधिकृत सॉफ्टवेअरच्या आडून असं होत असेल, तर टेलिग्रामवरच्या बिननावाच्या ‘टर्मिनल’वर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा? अशा टर्मिनलांचा आणखी एक नेहमीचा प्रकार आहे. पडद्यावर नफा वाढताना दिसतो, सुरुवातीला दोन-चार हजार काढूही देतात, आणि मोठी रक्कम काढायला गेलात की ‘आधी टॅक्स भरा’ म्हणून आणखी पैसे मागतात. तो नफा कधी नव्हताच, ते फक्त आकडे असतात.

फाइल आधीच टाकून झाली असेल तर त्या मशीनवरून काहीही करू नका. दुसऱ्या स्वच्छ फोनवरून आधी ईमेलचा आणि मग एक्स्चेंजचा, म्हणजे जिथे क्रिप्टो घेता-विकता त्या ॲपचा, पासवर्ड बदला, सगळ्या ठिकाणचं लॉगिन बंद करा, खात्यातल्या एपीआय की (दुसऱ्या प्रोग्रॅमला तुमचं खातं वापरू देणाऱ्या किल्ल्या) असतील तर त्या काढून टाका. पैसे गेलेले दिसले तर १९३० वर लगेच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसा बँकेतून पुढे सरकायच्या आत तो गोठवता यावा यासाठीच ती सोय आहे, त्यामुळे सकाळपर्यंत थांबू नका.

मुळात तुम्हाला हवं असलेलं ‘डेस्कटॉप’ बहुतेकदा वेगळं उतरवावंच लागत नाही. आपल्याकडच्या मोठ्या एक्स्चेंजेसचं मोठ्या पडद्यावरचं कामकाज ब्राउझरमध्येच चालतं. पत्ता स्वतः टाइप करा, एकदा बुकमार्क करा आणि नेहमी त्याच बुकमार्कवरून जा. गुगलवर नाव शोधून पहिल्या लिंकवर टिचकी मारायची सवय सोडा, कारण वरच्या जाहिरातींत हुबेहूब नकली साइट असू शकते.

आता नऊ हजारांकडे येते. दोष मोबाइलचा होता का? थोडा होता, पण तुम्हाला वाटतं त्या अर्थाने नाही.

समजा, तुमच्याकडे एका छोट्या कॉइनचे १,००० नग आहेत आणि ॲपवर मोठ्या अक्षरात भाव दिसतोय ५० रुपये. तो भाव सगळ्या हजारांचा नसतो. ऑर्डर बुकमध्ये, म्हणजे कोण किती भावाला घ्यायला-विकायला उभं आहे त्या यादीत, ५० रुपयांना घेणारा २०० नगांपुरताच आहे, त्याच्याखाली ४८.५० ला ३०० नगांचा आणि त्याच्याखाली थेट ४४ ला ५०० नगांचा. तुम्ही मार्केट दाबलंत की यंत्र वरून खाली सगळे खरेदीदार संपवत जातं. हातात येतात ४६,५५०, आणि मनात होते ५०,०००. बाजार पडलेला नाही, कुणी फसवलेलं नाही, तरी साडेतीन हजार गेले. रुपयांत चालणाऱ्या छोट्या कॉइन्सचं बुक असंच विरळ असतं. हेच ४९ ची लिमिट लावली असती तर २०० नग ५० ला विकले गेले असते आणि उरलेले ८०० तुमच्याकडेच राहिले असते. मग विचार करता आला असता.

मोठ्या पडद्यावर हे बुक, चार्ट आणि ऑर्डरचा चौकोन एकाच वेळी समोर असतात. ५० आणि ४४ मधली दरी डोळ्यांना दिसते. फोनवर बुक वेगळ्या टॅबमध्ये दडलेलं असतं, उघडलं तरी मोजक्या ओळी दिसतात, आणि विकण्याचं बटण मात्र अंगठ्याखालीच असतं. मोठ्या पडद्याचा खरा उपयोग हा आहे. चार्टवर दहा रेघा मारता येतात म्हणून मी त्याची बाजू घेत नाही. सौद्याआधी समोर कोण किती घ्यायला उभं आहे ते दिसतं, म्हणून घेते.

आणि ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून सुटणाऱ्या गाडीत, एका हाताने वरची कडी धरून, दुसऱ्या हाताने ते दिसणं शक्य नाही. त्यात मध्येच नेट जातं, ऑर्डर लागली की नाही कळत नाही, म्हणून माणूस पुन्हा दाबतो आणि दोनदा लागते. त्यावर फोनचीही भीती आहे. मध्य रेल्वेने जाणाऱ्याला फटका गँग म्हणजे काय ते सांगायला नको. रुळांच्या कडेला उभे राहून दारातल्या माणसाच्या हातावर काठी मारतात आणि खाली पडलेला फोन घेऊन पळतात. उघडलेल्या एक्स्चेंजसह फोन हातातून गेला तर नुकसान फक्त फोनच्या किमतीचं राहत नाही.

म्हणून माझं सांगणं असं. खरेदी-विक्रीचा निर्णय आणि ऑर्डर घरी, बसून, मोठ्या पडद्यावर. फोन हा किल्ली म्हणून वापरा : लॉगिनची मंजुरी, भावाचा इशारा, आणि फार तर आधी लावलेली ऑर्डर रद्द करणं. गाडीत नवा सौदा नाही.

‘मग दिवसभरात भाव पडला तर?’ असं तुम्ही विचाराल. लिमिट आणि स्टॉप ऑर्डर (भाव ठरावीक पातळीवर आला की जागी होणारी) एकदा लावली की ती एक्स्चेंजच्या सर्व्हरवर बसते. तुमचा फोन बंद असो, लॅपटॉप मिटलेला असो, ती तिचं काम करते. रात्री जेवण झाल्यावर शांतपणे लावून झोपलात तरी चालतं. फक्त स्टॉप-लिमिटमध्ये दोन भाव असतात हे विसरू नका. एका भावाला ऑर्डर जागी होते आणि दुसऱ्यापेक्षा खाली ती विकत नाही. दोन्ही फार जवळ ठेवले आणि भाव धाडकन खाली गेला, तर ऑर्डर जागी होऊन तशीच पडून राहते. मध्ये थोडं अंतर ठेवा. घरच्या कॉम्प्युटरवर चालणारे बॉट, म्हणजे आपोआप सौदे करणारे प्रोग्रॅम, मात्र वेगळे : वीज गेली, नेट गेलं की तेही थांबतात. शिवाय त्यांना तुमच्या खात्याची एपीआय की द्यावी लागते. २०२२च्या डिसेंबरात थ्रीकॉमाज या बॉट कंपनीकडून ग्राहकांच्या अशा किल्ल्या बाहेर फुटल्या होत्या. तुमच्या रकमेला बॉटची गरज नाही. पुढेमागे कधी की द्यावीच लागली, तर पैसे काढण्याची परवानगी बंद ठेवूनच द्या.

कोणतंही साधन वाचवू शकत नाही अशीही एक वेळ असते. शेअर बाजार सव्वानऊला उघडतो, साडेतीनला बंद होतो. क्रिप्टोला रविवार नाही आणि रात्रही नाही. १० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेने चिनी मालावर आणखी १०० टक्के आयातशुल्क जाहीर केलं, तेव्हा आपल्याकडे ११ तारखेची पहाट होती. त्या एका दिवसात जगभरात उधारीवर घेतलेले १९ अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे सौदे सक्तीने बंद झाले. खारेगावात त्या वेळी तुम्ही झोपलेले असणार, आणि झोपलेलंच असावं. ज्याने उधारी घेतली नव्हती त्याची गुंतवणूक कागदावर खाली गेली, पण हातात राहिली. फ्युचर्सच्या टॅबमध्ये दिसणारं उधारीचं १० पट, २० पट कधीही दाबू नका, फोनवरही नाही आणि डेस्कटॉपवरही नाही.

आता कर. मोबाइल तुम्हाला महाग पडतोय तो इथेही, आणि याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही याची मला जास्त काळजी वाटली. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के सेस. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएसही कापला जातो. आणि एका कॉइनमधला तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातून वजा करता येत नाही. एकात २० हजार कमावले, दुसऱ्यात २० हजार घालवले, हाती शून्य, तरी कर ६,२४० रुपये. टीडीएसचं गणितही करून बघा : एक लाख घेऊन, नफा-तोटा काहीही न होता, पन्नास वेळा घेतलं-विकलं तर खेळतं भांडवल उरतं साधारण साठ हजार. बाकीचे सरकारजमा. विवरणपत्र भरल्यावर जो परतावा बसेल तो मिळेल, पण तोवर ते तुमच्या कामाचे नाहीत. फोन खिशात असला की दिवसातून चार-पाच सौदे सहज होतात. संध्याकाळी बसून करणाऱ्याचे आठवड्यात एक-दोन होतात. कराच्या या चौकटीत कमी सौदे हीच मोठी बचत आहे.

विवरणपत्रासाठी तर कॉम्प्युटर लागेलच. नोकरदार म्हणून तुम्ही आयटीआर-१ भरत असाल, तर क्रिप्टोचं उत्पन्न असलेल्या वर्षी तो फॉर्म चालत नाही. विवरणपत्रातल्या क्रिप्टोसाठीच्या तक्त्यात, शेड्यूल व्हीडीएमध्ये, प्रत्येक व्यवहाराची खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, खरेदीची किंमत आणि मिळालेली रक्कम लिहावी लागते. एक्स्चेंजच्या साइटवरून ट्रेड रिपोर्ट उतरवून दर महिन्याला एका फोल्डरमध्ये ठेवा. जुलैमध्ये शोधाशोध करणारे लोक मी फार बघितले आहेत.

लॅपटॉप हप्त्यावर घेऊ नका. ४५ हजार वसूल व्हायला कर भरून झाल्यावर ४५ हजार उरले पाहिजेत, म्हणजे साधारण ६५,४०० रुपयांचा नफा हवा. तुमच्या ८० हजारांवर तो ऐंशी टक्क्यांच्या वर जातो, व्याज वेगळंच. एवढं कमवायचंच, या दडपणाखाली माणूस नको ते सौदे करतो. घरात किंवा नात्यात जुना लॅपटॉप पडलेला असेल तर तो पुरे. फक्त विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. म्हणून मशीन विंडोज ११ घेत असेल तर ते बसवा, नाहीतर सगळं पुसून विंडोजऐवजी उबुंटूसारखं लिनक्स बसवा. ब्राउझरमध्ये या कामापुरतं वेगळं प्रोफाइल करा, त्यात एकही एक्स्टेन्शन नको, पासवर्ड साठवणं नको, आणि त्या लॅपटॉपवर फुकटचे सिनेमे, क्रॅक केलेली सॉफ्टवेअरं अजिबात नकोत. असा लॅपटॉप मिळालाच नाही तरी अडत नाही. घरी टेबलाशी बसून, फोन आडवा धरून, फक्त लिमिट ऑर्डर लावा. गाडीतल्या सौद्यापेक्षा ते कितीतरी बरं.

ऑफिसचा लॅपटॉप तर नकोच. तो तुमचा नाही. कंपनीला त्यावर काय चाललंय ते बघण्याचा अधिकार असतो, काही ठिकाणी नेटवर्कवरून जाणारी सुरक्षित साइटसुद्धा मध्ये उघडून तपासली जाते, आणि राजीनाम्याच्या दिवशी तो हातातून जातो. आठ तास त्याच मशीनवर काम करताना बाजूच्या टॅबमध्ये भाव हलताना दिसत राहिला, तर नोकरीवरचं लक्षही जाईल. तुमच्या घराचा खरा आधार तो पगार आहे.

एक्स्चेंज कोणतं वापरता ते तुम्ही लिहिलेलं नाही. मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्स्चेंजेस मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली आहेत आणि त्यांना केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. तुमच्या एक्स्चेंजची ती नोंदणी आहे का ते बघा. अर्थात नोंदणी म्हणजे पैशाची हमी नव्हे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजवर हल्ला होऊन सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता गेली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकले. त्यात मोबाइलवाले होते तसे डेस्कटॉपवालेही होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजवरून सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर हे क्रिप्टो चलन चोरीला गेलं, ते तर सह्या करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या पडद्यावर व्यवहार बरोबर दिसत असताना. म्हणून पैसे बाहेर पाठवताना पत्ता एका पडद्यावर वाचून विश्वास ठेवू नका, दुसऱ्या उपकरणावर पडताळा. आणि अडकले तरी घर चालेल, एवढेच पैसे तिथे ठेवा.

राहिला जुना फोन. तो देऊ नका, दोन-तीन हजारांपेक्षा त्याची किंमत तुम्हाला जास्त आहे. आत्ता तुमचं सिम, ईमेल, बँक, एक्स्चेंज आणि बहुधा ऑथेंटिकेटरही (लॉगिनचे कोड दाखवणारं ॲप) एकाच फोनमध्ये आहे. तो हरवला की सगळं एकदम गेलं. जुना फोन पूर्ण पुसून घ्या, त्यात फक्त ऑथेंटिकेटर ॲप टाका, सिम नको, आणि सेटअप झाल्यावर नेटही बंद. दर तीस सेकंदांनी बदलणारा तो कोड इंटरनेटशिवाय तयार होतो, फक्त फोनचं घड्याळ बरोबर लागतं. मिनिट-दोन मिनिटं मागे पडलं तरी कोड चालेनासा होऊ शकतो, तेव्हा अधूनमधून वेळ जुळवा आणि चार्ज करा. हा फोन घरीच राहील, म्हणजे गाडीत नव्याने लॉगिन करायची इच्छा झाली तरी होणार नाही. एक्स्चेंजच्या सेटिंगमध्ये ठरावीक पत्त्यांनाच पैसे पाठवण्याची सोय असेल तर तीही चालू करा.

ऑथेंटिकेटर जोडताना एक्स्चेंज परतीची की किंवा बॅकअप कोड देतं. त्याचा स्क्रीनशॉट काढू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांना प्ले स्टोअर आणि ॲपल स्टोअर या दोन्हींवर अशी ॲप्स सापडली होती, जी गॅलरीतले फोटो वाचून वॉलेटचे गुप्त शब्द शोधत होती. कोड कागदावर लिहा आणि घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवा.

तो कागद कुठे आहे आणि कशाचा आहे, हे तुमच्या बायकोला माहीत हवं. उद्या तुम्हाला काही झालं तर बँक पासबुक पाहून खातं शोधता येतं, एक्स्चेंजच्या खात्याचा तसा काहीच माग घरात नसतो. तेव्हा तिला ८० हजारांबद्दल सांगा, आणि नऊ हजार गेले तेही सांगा. रागावेल. तरी ही सगळी मांडणी लावायला बसाल तेव्हा तिलाही शेजारी बसवा.